एकाने झोपावे म्हणून दुसऱ्याने जागावे

२९ मे २०२५ रोजी भारतीय नौदलाची 'तारिणी' ही शिडाची बोट गोव्याला परतली. बोटीवर दोनच माणसे होती, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघालेल्या या दोघींनी जवळपास आठ महिन्यांत २५,००० हून अधिक सागरी मैल पार करून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. वर्तमानपत्रांनी लाटा, वादळे आणि धैर्य यांबद्दल भरभरून लिहिले, आणि ते योग्यच होते. मला डॉक्टर म्हणून मात्र वेगळाच प्रश्न पडला. या दोघी झोपत कशा होत्या?

बोट रात्री थांबत नाही. खोल समुद्रात नांगर टाकता येत नाही आणि वाऱ्याला सुट्टी नसते. अशा बोटीवरचा नियम अगदी साधा आहे : एकाने झोपायचे, तर दुसऱ्याने बोट सांभाळायची. हा नियम आपल्या सारंगखेड्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, ते या लेखात पाहू. आपल्याकडे समुद्र नाही. तापी आहे, तीही बॅरेजने अडवलेली, आणि ती सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. पण रात्रभर जागून करायची कामे आपल्याकडेही कमी नाहीत. दत्तजयंतीची यात्रा आणि घोडेबाजार, परगावाहून रात्रीचा प्रवास करून येणारी वाहने, गळीत हंगामातली उसाची वाहतूक, रात्रीच्या विजेवर शेताला पाणी देणे, आणि दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बसणे. या सगळ्या रात्री आपण कशा काढतो? बहुतेक वेळा एकट्याने, आणि 'मला काही होत नाही' या भरवशावर.

मुंबई ते रत्नागिरी : एका रात्रीचा प्रवास

पृथ्वीप्रदक्षिणा बाजूला ठेवू आणि छोटे उदाहरण घेऊ. मुंबईहून रत्नागिरी समुद्रमार्गे साधारण शंभर ते सव्वाशे सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मध्यम आकाराची शिडाची बोट ताशी पाच सागरी मैलांच्या आसपास चालते. म्हणजे दुपारी निघाले तर दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचायचे, आणि मधली संपूर्ण रात्र पाण्यावर काढायची.

पावसाळा सरल्यावर या किनाऱ्यावर वाऱ्याचा एक ठरलेला क्रम असतो. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. शिडे फुगतात, बोट पळते, माणसे उत्साहात असतात. रात्री जमीन निवते आणि वारा उलटा फिरतो. किनाऱ्याकडून मंद मतलई वारा सुटतो. समुद्र शांत होतो, बोट हळूहळू डुलू लागते. आणि नेमक्या त्याच वेळी माणसाच्या शरीरालाही झोप हवी असते. अंगाई गायला यापेक्षा वेगळे काय लागते?

पण ही शांतता फसवी असते. खुल्या महासागरात चारही बाजूंना मोकळे पाणी असते. किनाऱ्याजवळ तसे नसते. मासेमारी बोटी आणि त्यांची जाळी असतात, बंदरांकडे जाणारी-येणारी मोठी मालवाहू जहाजे असतात, पाण्याखालचे खडक असतात. खांदेरीचा दीप, जयगडचा दीप, रत्नागिरीचा दीप यांची उघडझाप ओळखून आपण कुठे आहोत हे पडताळावे लागते. प्रत्येक दीपस्तंभाच्या उघडझापीची लय वेगळी असते, म्हणून ती मोजावी लागते. अर्धवट झोपेतल्या माणसाला हे मोजणे जमत नाही.

दुसरी अडचण शरीराची आहे. लांबच्या प्रवासात दोन-तीन दिवसांनी शरीर पाळ्यांना थोडेफार सरावते. एका रात्रीच्या प्रवासात त्याला सरावायला वेळच मिळत नाही. आदल्या रात्री तुम्ही घरी पलंगावर झोपलेले असता, दिवसभर निघण्याची धावपळ केलेली असते आणि त्याच थकव्यावर रात्र काढायची असते. म्हणून जागरणाच्या दृष्टीने किनाऱ्यालगतची ही एक रात्र सोपी समजू नये.

आता आपल्या रात्री आठवा. यात्रेहून परतणे, लग्नाचे वऱ्हाड घेऊन जाणे, रुग्णाला घेऊन धुळे किंवा नाशिक गाठणे. या सगळ्या एकेकट्या रात्री असतात, शरीराची काहीही तयारी नसताना आलेल्या.

शरीराची दोन घड्याळे

झोप दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते. जितका वेळ जागे, तितका साठा जास्त, तितकी झोप अनावर. झोपल्यावर हा साठा उतरतो. चहा-कॉफीतले कॅफीन अ‍ॅडिनोसिनची जागा तात्पुरती अडवून धरते. साठा कमी करत नाही, त्याची जाणीव तेवढी दाबून ठेवते. कॅफीन उतरले की थकलेली बाकी एकदम वसूल होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतले चोवीस तासांचे घड्याळ. डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर ते रोज जुळवून घेते. पेशींमधल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ साधारण रात्री दोन ते सहा या वेळात शरीराला सगळ्यात खालच्या पायरीवर आणते. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत कमी असते, लक्ष विस्कटते, प्रतिक्रिया मंदावते. दुपारी जेवणानंतर याच घड्याळाचा आणखी एक छोटा उतार येतो.

रात्री तीन वाजता ही दोन्ही घड्याळे एकाच बाजूने ओढतात. दाब साठलेला असतो आणि घड्याळही 'झोप' म्हणत असते. इच्छाशक्तीने त्यांच्याशी थोडा वेळ झगडता येते, त्यांना हरवता येत नाही.

हा झगडा किती महागात पडतो, याचे एक मोजमाप १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केले. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली. २४ तास जागे राहिल्यावर ती सुमारे ०.१० टक्के मद्याच्या पातळीपर्यंत खाली आली. आपल्या मोटार वाहन कायद्यात मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. हिशेब करा : सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडीवर बसतो, तेव्हा थेंबभरही दारू न घेता त्याची कामगिरी कायद्याची मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखी असू शकते. त्याला पकडायला मात्र कोणतेही यंत्र नाही.

न कळणारी डुलकी

जागरणातला सर्वांत घातक भाग म्हणजे क्षणिक झोप. मेंदू काही सेकंदांसाठी झोपतो आणि परत जागा होतो. डोळे कधी कधी उघडेच असतात. त्या माणसाला स्वतःला याचा पत्ताही नसतो. पहाटेच्या अपघातानंतर दाखल झालेल्या चालकांना विचारा, बरेच जण प्रामाणिकपणे सांगतात, "डॉक्टरसाहेब, डोळा लागलाच नव्हता." ते खोटे बोलत नसतात. झोपेमुळे होणाऱ्या अपघातांची ठेवणही ओळखीची असते : पहाटेची वेळ, एकच वाहन, सरळ रस्ता आणि ब्रेक दाबल्याची खूण नाही.

इथे समुद्र आणि रस्ता यांतला फरक ध्यानात घ्या. ताशी पाच सागरी मैलांनी जाणारी बोट चार सेकंदांत जेमतेम दहा मीटर पुढे सरकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्याच चार सेकंदांत जवळपास नव्वद मीटर जाते. बोटीवर चार सेकंदांची डुलकी बहुतेक वेळा माफ होते. दोंडाईचा-शहादा रस्त्यावर, समोरून दिव्याशिवायचा उसाचा ट्रॅक्टर येत असताना, ती माफ होत नाही. गंमत अशी की, जिथे डुलकीला थोडी तरी सवड आहे त्या बोटीवर पाळ्यांची कडक शिस्त आहे, आणि जिथे अजिबात सवड नाही त्या रस्त्यावर आपण एकच चालक घेऊन निघतो.

मोठ्या जहाजांनी मात्र ही किंमत मोजली आहे. २४ मार्च १९८९ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच 'एक्झॉन वाल्देझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि प्रचंड प्रमाणात तेल समुद्रात सांडले. अमेरिकेच्या अधिकृत चौकशीत जी कारणे नोंदवली गेली, त्यांत जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा अतिरेकी बोजा हेही होते.

पाळीची शिस्त

जहाजांवर पाळीची पद्धत जुनी आहे. चार तास काम, मग विश्रांती, पुन्हा चार तास काम. मध्यरात्री बारा ते चार ही पाळी सर्वांत नावडती. ती रोज एकाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून संध्याकाळच्या चार तासांचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे करत, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाळ्या आपोआप पुढे सरकत. कष्टाचे वाटप न्याय्य असावे, हे शहाणपण त्या काळच्या खलाशांनी घड्याळात बसवून ठेवले होते. छोट्या शिडाच्या बोटीवर रात्री तीन-तीन किंवा दोन-दोन तासांच्या पाळ्या लावतात, थंडी-वाऱ्यात त्याहूनही आखूड.

या पाळ्यांभोवती काही नियम असतात आणि त्यातला प्रत्येक नियम वैद्यकीय कसोटीला उतरतो.

पहिला नियम, निघण्याआधी झोपून घ्यायचे. दुपारची एक-दीड तासाची झोप रात्रीच्या जागरणाला खरोखर बळ देते. झोप आल्यावर घेण्यापेक्षा आधीच घेतलेली झोप अधिक कामाची.

दुसरा, पाळी संपली की ताबडतोब झोपायचे. गप्पा मारत बसणारा खलाशी पुढच्या पाळीला निरुपयोगी ठरतो. झोपणे हे त्याचे कामच असते.

तिसरा, पाळी सोपवताना घाई करायची नाही. आपण कुठे आहोत, दिशा काय, वारा कसा आहे, आसपास कोणते दिवे दिसताहेत आणि पुढच्या तासाभरात काय अपेक्षित आहे, हे सगळे शब्दांत सांगायचे. झोपेतून उठलेला माणूस लगेच पूर्ण जागा होत नाही. काही मिनिटे, कधी अर्धा तासही मेंदूवर झोपेची साय राहते. म्हणून जुना माणूस नव्याजवळ थोडा वेळ थांबतो. दवाखान्यातही हेच. अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांत डॉक्टरांनी पाळी सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकून घेतल्यावर उपचारातील चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. फक्त नीट सांगणे आणि नीट ऐकणे.

चौथा, शंका आली की उठवायचे. समोरचा दिवा जवळ येतोय की लांब जातोय हे कळेना, तर कप्तानाला लगेच हाक मारायची. झोपमोड केली म्हणून कोणी रागावायचे नाही. हा नियम मी माझ्या कनिष्ठ डॉक्टरांनाही सांगतो. 'सरांना कशाला उठवायचे' या संकोचाचा फटका रुग्णाला बसतो.

पाचवा, रात्री एकट्याने बसण्याची जागा सोडून पुढे डोलकाठीकडे जायचे नाही. जायचेच असेल तर दुसऱ्याला उठवायचे आणि अंगावरचा पट्टा दोरीने बोटीला अडकवून जायचे. अंधारात पाण्यात पडलेला माणूस सापडणे फार कठीण असते.

अंधाराला सरावलेले डोळे

रात्रीच्या बोटीवर पांढरे दिवे लावत नाहीत, नकाशा पाहायला मंद लाल दिवा वापरतात. याचे कारण डोळ्यांच्या पडद्यात आहे. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यांच्यातले ऱ्होडोप्सिन हे रंगद्रव्य झगझगीत उजेडात क्षणात विरते आणि पुन्हा तयार व्हायला वेळ घेते. लाल प्रकाशाचा या पेशींवर परिणाम सर्वांत कमी होतो. एका क्षणासाठी मोबाइल पाहिला तरी मिळवलेली रात्रीची नजर बरीचशी जाते. आणखी एक गंमत : अंधुक दिवा थेट पाहिला तर दिसत नाही, किंचित बाजूला नजर ठेवली की दिसतो. कारण पडद्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात.

ऱ्होडोप्सिन बनायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. संध्याकाळी मूल अडखळत असेल तर त्याला धांदरट म्हणू नका, तपासून घ्या. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना शासकीय केंद्रांत अ जीवनसत्त्वाचे डोस मोफत दिले जातात.

शेतकऱ्यांसाठी इथे एक सावधगिरी. रात्री पाणी भरायला जाताना खलाशाचे अनुकरण करू नका. त्याच्या पायाखाली साप नसतो. तुम्ही बॅटरी लावूनच चाला, पायात बूट घाला आणि ओल्या हाताने पंपाचा स्टार्टर हाताळू नका.

बोट लागणे आणि गाडी लागणे

समुद्रावर मळमळते त्याला आपल्याकडे 'बोट लागणे' म्हणतात. तोरणमाळच्या घाटात गाडी लागते, त्याचे कारणही तेच. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग 'आपण हलतोय' म्हणतो आणि आतल्या वस्तूंवर खिळलेले डोळे 'सगळे स्थिर आहे' म्हणतात. या विसंवादातून घाम, मळमळ, उलटी होते. दिवसा क्षितिजाकडे पाहिले की दोघांचे एकमत होते. रात्री क्षितिज दिसत नाही, म्हणून त्रास वाढतो. दूरच्या दीपस्तंभाकडे किंवा ताऱ्याकडे पाहावे, नाहीतर आडवे होऊन डोळे मिटावेत.

प्रवासाआधी घ्यायच्या प्रोमेथाझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्यांनी उपयोग होतो, पण गुंगीही येते. सर्दीच्या काही गोळ्या आणि खोकल्याची काही औषधेही तशीच. सुकाणू किंवा स्टिअरिंग ज्याच्या हातात आहे, त्याने ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

एकट्याने गेलेल्यांचे काय?

वाचक विचारतील, मग एकटे जाणारे झोपतात कधी? कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबत मे २०१० मध्ये परतले. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून कुठेही न थांबता २०१२-१३ मध्ये ती प्रदक्षिणा पूर्ण केली.

एकटा खलाशी सुकाणू आपोआप धरणाऱ्या यंत्रणेच्या आणि धोक्याच्या घंटांच्या आधाराने तुकड्या-तुकड्यांनी झोपतो. वर्दळीच्या पाण्यात बरेच जण वीस मिनिटांचा गजर लावतात. त्यामागे साधा हिशेब आहे. आठ मैलांवर जहाजाचा दिवा दिसला आणि दोघांचा मिळून एकमेकांकडे येण्याचा वेग ताशी २५ सागरी मैल असेल, तर गाठ पडायला सुमारे १९ मिनिटे लागतात. क्लॉडिओ स्टँपी या इटालियन डॉक्टरांनी, जे स्वतःही शिडाच्या बोटीचे खलाशी होते, एकट्याने शर्यत करणाऱ्यांच्या झोपेचा अभ्यास केला. थोड्या थोड्या वेळाची झोप शिस्तीने घेणारे खलाशी सर्वसाधारणपणे चांगली कामगिरी करत, असे त्यांना आढळले.

पण ही जगण्यासाठी केलेली तडजोड आहे, आरोग्याचा नमुना नव्हे. जगप्रदक्षिणा एकट्याने करणारा पहिला खलाशी जोशुआ स्लोकम. १८९५ साली अझोर्स बेटे सोडल्यानंतर पोटातल्या कळांनी तो कोसळला, तेव्हा त्याला सुकाणूवर एक परका माणूस दिसला. त्याने स्वतःची ओळख करून दिली ती कोलंबसच्या ताफ्यातील 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या म्हणून! स्लोकमने हे नंतर गमतीने लिहिले. आजारपण, थकवा आणि एकटेपणा एकत्र आले की मेंदू काय दाखवू शकतो, याचा तो नमुना आहे. अतिजागरणातही नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज येतात.

डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवून अर्ध्याने पोहत राहतो. माणसाला ती सोय नाही. आपला दुसरा अर्धा मेंदू म्हणजे आपल्यासोबतचा दुसरा माणूस.

घोड्यांना माहीत असलेली गोष्ट

सारंगखेड्याच्या बाजारात घोडे पाहणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो. त्याच्या पायांतील स्नायुबंधांची रचनाच तशी असते. पण गाढ, स्वप्नांच्या झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. कळपात काही घोडे आडवे झाले की सहसा एखादा तरी उभा राहून राखण करतो, आणि तो उभा आहे म्हणून बाकीचे निर्धास्त पडतात. ट्रकमधून रात्रभर आणलेल्या घोड्याला आडवे होता येत नाही. तो पोहोचल्यावर त्याला विश्रांती द्यावी, हे जाणकार मालकांना सांगावे लागत नाही. मात्र तोच ट्रक रात्रभर चालवून आलेल्या माणसाला पोहोचताच परतीचे भाडे शोधायला लावले जाते. २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. घोड्याइतकी कळजी चालकाची घेतली तरी पहाटेचे कितीतरी अपघात टळतील.

आपल्या रात्रींसाठी

एवढे सगळे वाचून घरी काय न्यायचे?

रात्रीचा प्रवास ठरला की गाडी आणि डिझेल यांच्याबरोबर दुसरा चालकही ठरवा. दर दोन तासांनी बदला. दुसरा चालक नसेल तर पहाटे दोन ते सहा या वेळात गाडी चालवू नका, मुक्काम करा. लग्नाचा मुहूर्त गाठायचा असेल तर आदल्या संध्याकाळी निघा.

चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपायचे नाही. तो पहारेकरी आहे. चालक वारंवार जांभया देतो, गाडी पट्टी सोडते, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, ही थांबण्याची लक्षणे आहेत. खिडकी उघडणे आणि मोठ्याने गाणी लावणे याने काही मिनिटे बरे वाटते, झोप जात नाही. सुरक्षित जागी गाडी उभी करा, एक कप कडक कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपा. कॅफीनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटे चाला आणि मगच निघा. हा उपाय रात्र संपवण्यासाठी नाही, पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसाही पेंगणाऱ्या चालकाने तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास अडण्याचा विकार असेल तर रात्रभर पडून राहूनही झोप पुरी होत नाही. यावर उपचार आहेत. फिट येणाऱ्या रुग्णांनी जागरण कटाक्षाने टाळावे, कारण झोप कमी झाली की फिट येण्याची शक्यता वाढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्रपाळीत जेवण आणि डोस यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी पाळ्या लावाव्यात. आमच्याकडे बहुधा आईच दिवसरात्र बसते. तिसऱ्या दिवशी तिलाच चक्कर येऊन खाट द्यावी लागते. दहा नातेवाईक सकाळी भेटायला येतात; त्यातल्या दोघांनी रात्री बारा ते चार वाटून घेतले तर रुग्णाला आणि तिला दोघांनाही बरे वाटेल. पाळी बदलताना सलाइन किती उरले, शेवटची गोळी कधी दिली, लघवी झाली का, हे एका कागदावर लिहून द्या.

जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाला 'सारंग' म्हणतात. कुणाला कधी काम आणि कुणाला कधी विश्रांती, याकडे लक्ष ठेवणारा माणूस. प्रत्येक घरात, प्रत्येक गाडीत असा एकजण असावा, जो वेळेवर म्हणेल, "भाऊ, तू आता पड, मी जागा आहे."